उशीच्या अभ्र्यातलं बिऱ्हाड

सरांच्या हातात काहीही दिलं की ते आधी उलटं करून बघत. चहाची बशी, टोपी, कुलूप, जोडा, कशाचीच सुटका नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी बसण्याआधी खुर्ची उताणी करत, तिच्या पोटाकडे निरखून बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"वरून खुर्चीची लायकी ठरे, आणि थोडीफार यजमानाचीही.

माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी कौतुकानं तिला सरांच्या हातात दिली. सरांनी तिला अलगद घेतलं, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पालथी केली.

माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. लेकीला आणि नातीला पोचवायला म्हणून सांगोल्याहून आल्या होत्या, पण माझ्या संसाराची एकूण दशा बघून राहूनच गेल्या होत्या. त्यांनी झडप घालून पोर काढून घेतली.

"आवो मास्तर, कोंबडी हाय का ती, पारखून घ्यायला?"

"तसं नाही आजी," सर अगदी मनापासून म्हणाले, "एवढे हातपाय आहेत, पण जोड कुठंच दिसत नाही. फार सुबक काम आहे."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पोरीची दृष्ट काढली. "जोड बगतंय म्हनं," असं पुटपुटत त्यांनी मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या.

ही गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची. सोलापुरातल्या एका खाजगी तंत्रविद्यालयात मी कारकून होतो आणि सर तिथे यंत्ररचना शिकवत. राहायला आम्ही शेजारी. मध्ये एक भिंत, आणि तिच्यातून दोन्ही घरांचं सगळं ऐकू येई. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्यापैकी कुणीच त्यांना नावानं ओळखत नव्हतं. गल्लीत कुणी "अभ्रेवाले कुठं राहतात?" असं विचारलं, की पोरं बरोबर घर दाखवत.

अभ्र्याचं सांगायला हवं. इतर मास्तर मुलांना वस्तू करायला शिकवत. सरांचं म्हणणं असं, की वस्तू कुणीही करील. ती दुसऱ्याला जोडता आली पाहिजे, आणि तीही कुणाला काही न विचारता. म्हणून त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलानं काहीतरी करायचं, ते सुटं करायचं, उशीच्या अभ्र्यात भरायचं आणि भलत्याच माणसापुढे ठेवून गप्प उभं राहायचं. अभ्राच का? तर पोतं दिलं की मुलं पोतंभर वस्तू करतात. ओठ हलला की गुण गेला. भुवई हलली तरी सर खाकरत.

"आपल्या गल्लीत बघा," ते वर्गात सांगत, "डावीकडं कानडी, समोर तेलुगू, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडं दखनी. वस्तूबरोबर सूचनांचा कागद द्यायचा तर किती भाषांत छापणार? आणि छापला तरी त्यात भजी बांधून येणार. म्हणून तोंड बंद, हात चालू!"

भलता माणूस मिळवण्यासाठी मुलं रस्त्यावर उभी राहत. टांगेवाला, पाववाला, खटल्यासाठी मैंदर्गीहून आलेला एखादा पक्षकार, जो सापडेल त्याच्यापुढे अभ्रा यायचा. आमचा पोस्टमन तर गल्लीच्या तोंडाशीच उभा राहून नावं पुकारायचा आणि पत्रं दगडाखाली ठेवून पळायचा. त्याला एकदा घडवंची जोडायला बसवलं होतं आणि त्या दिवशीचं टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं गेलं होतं.

सरांच्या घरी तर सगळंच अभ्र्यात. आपण गेलो की काकू हसून "या, बसा" म्हणत आणि हातात अभ्रा देत. त्या घरात "बसा" म्हणजे आधी खुर्ची जोडा. लांबचे नातेवाईक तासाभरासाठी येत आणि निघायच्या बेताला टेकत. काकूंनी सगळं पत्करलं होतं. "लग्नात मंगळसूत्र घातलं ते मात्र अखंड होतं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "तेवढंच माझं नशीब."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही अभ्रा मिळाला. मी स्वतःला हुशार समजत होतो. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे तो समज शाबूत होता. भराभर खुर्ची जोडली, ऐटीत बसलो, आणि पुढच्याच क्षणी मी जमिनीवर आणि खुर्चीची पाठ माझ्या गळ्यात. सर धावत आले. पहिल्यांदा खुर्चीकडे गेले. तिचा एक पाय उलटा करून बघितला. मग माझ्याजवळ बसले आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात म्हणाले,

"चूक तुमची नाही बरं. खुर्चीची आहे. पाय उलटा बसतो म्हणजे काय? बसूच नये तो!"

हे वाक्य मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी वडील, शाळेत मास्तर, कचेरीत प्राचार्य, सगळ्यांचं याबाबतीत एकमत होतं. मी इतका भारावलो, की दुसऱ्याच दिवशी एक महत्त्वाचा कागद भलत्या फायलीत सापडला तेव्हा प्राचार्यांना म्हणालो, "चूक माझी नाही साहेब, कपाटाची आहे. ते उलटं लागूच नये." प्राचार्यांनी मला कपाट पुसायला लावलं. यंत्ररचनेचा हा सिद्धान्त कचेरीपर्यंत पोचला नव्हता.

त्या वर्षी सरांच्या वर्गात नरसू होता. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, मराठी कामापुरती. हात असे, की लाकडानं आपणहून आकार घ्यावा. पण तोंडी परीक्षा इंग्रजीत व्हायची आणि बाहेरचे परीक्षक पुण्याहून यायचे. "व्हॉट इज द फंक्शन ऑफ धिस मेंबर?" असं काही कानावर पडलं, की नरसूची जीभ टाळूला चिकटायची. उत्तर त्याला ठाऊक असायचं. पण परीक्षक "येस? येस?" करायचे आणि हा छताकडे बघायचा. असा तो दोनदा नापास झाला होता. नियमाप्रमाणे आता एकदाच बसता येणार होतं. पुढची टर्म त्याच्यासाठी नव्हतीच. त्याच्या वडिलांनी घरात एक माग त्याच्यासाठी मोकळाही ठेवला होता. नरसूला मागाचं वावडं नव्हतं; पण एकदा त्यावर बसला की पुन्हा उठणार नाही, हे त्याला कळत होतं आणि सरांनाही.

"बोलायची काळजी करू नकोस," सरांनी त्याला सांगितलं. "असं काहीतरी कर, की त्यांना विचारायला काही उरणारच नाही."

नरसूनं पाळणा करायचं ठरवलं. त्याच्या बहिणीचं पोर घरात मागाच्याच लाकडाला झोळी बांधून झोपवत. माग चालला की पोर हादरायचं, थांबला की पोराच्या रडण्यानं घर. तेव्हा कुठंही उभा राहील, कुणालाही बांधता येईल आणि काखेत मारून नेता येईल असा पाळणा. चार पाय, वरून एक लांब दांडा, खाली पाय फाकू नयेत म्हणून दोन आडव्या पट्ट्या, आणि दांड्याला अडकवायची झोळी.

"खुर्ची चुकली तर कारकून पडतो," सर माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला म्हणाले. "पाळणा चुकला तर पोर पडेल. तेव्हा तो चुकीचा जोडताच येता कामा नये."

पाळण्याच्या परीक्षेला भलतं माणूस शोधायला सरांना लांब जावं लागलं नाही. ते भिंतीपलीकडेच होतं.

नरसूनं पहिल्यांदा अभ्रा आणून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"काय हाय ह्ये?"

नरसू गप्प.

"आरं बोल की! मुका हाईस व्हय?"

नरसूनं सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि बैठक मारली. बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी जे उभं केलं ते भिंतीला टेकलेलं होतं. दांडा खाली, चारही पाय एकाच बाजूला वर.

"घ्या. झालं."

"हे काय आहे आजी?" सरांनी हळूच विचारलं.

"आता काय म्हंजे? हितं वर पाल्याची पेंडी बांदायची. शेरडं मान वर करून खात्यात. लई ब्येस केलंय पोरानं."

सरांचा चेहरा उजळला. वस्तू चुकली की ते असे उजळत. "चूक तुमची नाही बरं आजी!"

"माजी कशी आसंल?" सासूबाई कडाडल्या. "म्या बरूबरच बांदलंय की!"

सरांना आयुष्यात पहिल्यांदाच असं माणूस भेटलं होतं. त्यांनी आदरानं हात जोडले.

नरसू लाकडं घेऊन गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला. मग पुन्हा गेला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं असे. आधी पायांची टोकं गोल आणि पट्ट्यांची चौकोनी झाली. गोल टोक चौकोनी भोकात शिरेना. मग पायांचा खालचा भाग जाड झाला, म्हणजे उलटे धरले की हातालाच कळावं. सासूबाई दर खेपेला त्याला चार शिव्या देत, मग एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देत. तो एक शब्द न बोलता जेवत असे. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी आपल्या मनानं लावला होता. "आई न्हाय वाटतं लेकराला," त्या म्हणायच्या. त्याची आई ठणठणीत होती, दिवसभर विड्या वळून संध्याकाळी गल्लीला ऐकू जाईल असं भांडायची.

शेवटी एक दिवस असा आला, की सासूबाई शेजारणीशी बोलता बोलता, एका हातानं पोरगी सांभाळत, खाली न बघता पाळणा जोडून मोकळ्या झाल्या. आणि लगेच पोरीला झोळीत ठेवायला निघाल्या.

"अंहं!" सर आडवे आले. "परीक्षा झाल्याशिवाय नाही. परीक्षकांनी पास केल्याशिवाय पोर ठेवायचं नाही."

"कोन त्यो परीक्षक? त्याला पोरं किती?"

सरांनी तोवर दांडा सोडवला होता. पाळणा अभ्र्यात गेला आणि अभ्रा वर्कशॉपातल्या खुंटीवर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी शिपायाला, शिवप्पाला, बजावलं, "पुण्याचे साहेब येणार आहेत. वर्कशॉप आरशासारखं दिसलं पाहिजे." शिवप्पा शब्दाला जागणारा माणूस. सकाळी आम्ही वर्कशॉपचं दार उघडलं तेव्हा सगळे अभ्रे, पाळण्याच्या झोळीसकट, धुऊन बाहेर दोरीवर वाळत घातलेले होते. आणि आत, भिंतीला लागून, सगळ्या वर्गाच्या सगळ्या वस्तूंची लाकडं उंचीप्रमाणे लावलेली. लांब लांबाजवळ, आखूड आखडाजवळ, सुतळीनं बांधून एकसारखे भारे. घडवंच्या, फडताळं, स्टुलं, पाट, नरसूचा पाळणा, सगळं त्या भाऱ्यांत.

"अभ्रे लई मळले होते साहेब," शिवप्पा अभिमानानं म्हणाला. "आन् लाकडं कशी पण कोंबली होती पोरांनी. आता बघा की, कसं दिसायलंय!"

खरंच छान दिसत होतं. वखारीसारखं. मुलांचे चेहरे मात्र पडले. एक जण भाऱ्यापुढे उकिडवा बसून आपलं फडताळ वासावरून शोधायच्या प्रयत्नात होता.

प्राचार्य आले आणि दारातच थिजले. "परीक्षा रद्द. पुढच्या टर्मला घेऊ."

"नरसूला पुढची टर्म नाही साहेब," सर म्हणाले.

"एका मुलासाठी मी संस्थेची अब्रू घालवू? पुण्याच्या माणसाला काय हे जळण दाखवू?"

तेवढ्यात पुण्याचा माणूस टाय सावरत मागे येऊन उभा राहिला होता. सर वळले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला भीती वाटली.

"या साहेब! आज मुलांना काही विचारायचं नाही. आपण जोडायचं, मुलांनी बघायचं. जे जुळेल ते पास."

"आय बेग युअर पार्डन?" परीक्षक म्हणाले.

"तोंड बंद, हात चालू," सर म्हणाले आणि त्यांनी भाऱ्यांच्या सुतळ्या सोडल्या.

यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर तुम्हाला सांगायची हिंमत केली नसती. परीक्षकांना हे काय प्रकरण आहे याची उत्सुकता वाटली, की रात्रीच्या प्रवासानं त्यांचा विरोध संपला होता, ठाऊक नाही. पण ते जमिनीवर बसले. परीक्षक बसले म्हणून प्राचार्यांना उभं राहता येईना. "रिकामं कुणी राहायचं नाही," असं म्हणत सरांनी त्यांनाही बसवलं. मग मलाही, आणि शिवप्पालाही. विद्यार्थी भिंतीला टेकून तोंड मिटून उभे, आणि सगळं विद्यालय खाली मांडी घालून लाकडं चाचपतंय.

माझ्या हातून काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. त्यात एका घडवंचीचे तीन पाय आणि एका पाटाचा अर्धा भाग होता. ती वस्तू पुढे सुटी करता येईना, म्हणून कचेरीत ठेवून दिली आणि पावसाळ्यात तिच्यावर छत्र्या टांगत. शिवप्पानं काहीच जोडलं नाही. तो पुन्हा उंचीप्रमाणे लावत होता. प्राचार्य मात्र त्वेषानं भिडले. त्यांनी दोन फडताळांच्या उभ्या फळ्या घेतल्या, मध्ये मिळेल ते ठोकून बसवलं आणि घाम पुसत उभे राहिले.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"शिडी."

"अशी वर्गात कुणी केली होती?"

"केलीच असणार," प्राचार्य म्हणाले. "त्याशिवाय जुळली कशी?"

परीक्षकांच्या पुढ्यात तोवर काहीतरी आकार घेत होतं. त्यांनी एक गोल टोकाचा पाय उचलला होता, तो एका चौकोनी भोकात घालून बघितला होता. शिरला नाही. लांब दांड्याच्या गोल भोकात घातला. शिरला. "हं," ते म्हणाले. तो "हं" ऐकून सरांनी डोळे मिटून घेतले. दुसरा पाय शिरला. चारही पाय बसले. परीक्षकांनी टाय सैल केला, चष्मा कपाळावर चढवला. दांडा वर करून सगळं उभं केलं. खाली एक पट्टी बसली. दुसऱ्या बाजूला चौकोनी भोकं रिकामी. पट्टी नाही. पाय हळूहळू फाकायला लागले.

त्यांनी इकडेतिकडे शोधलं. मग वर बघितलं आणि त्यांची नजर नेमकी नरसूवर पडली. काळजी तोंडावर लपत नाही.

"इज धिस युअर्स? देअर इज वन मोअर पीस. व्हेअर इज इट?"

नरसूला सगळं कळलं होतं. ती पट्टी कुठं आहे तेही त्याला दिसत होतं. प्राचार्यांच्या शिडीची सगळ्यात वरची पायरी होती ती. पण इंग्रजी आलं आणि जीभ गेली. त्याची नजर सवयीनं छताकडे गेली.

"येस?" परीक्षक म्हणाले. "येस?"

मी सरांकडे बघितलं. एक शब्द त्यांना बोलता आला असता. एक बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या काखेत कोंबले होते. 

परीक्षकांनी सुस्कारा सोडला. पेन काढलं. टोपण काढलं. आणि लिहायला वाकताना त्यांची नजर पुन्हा त्या रिकाम्या चौकोनी भोकावर गेली. ते थांबले. मान वाकडी करून त्यांनी त्या भोकाकडे बघितलं. मग तशाच वाकड्या मानेनं वर्कशॉपभर बघत बघत ते प्राचार्यांच्या शिडीपर्यंत आले. तिच्या कडेतून एक चौकोनी टोक बाहेर आलं होतं, दुसऱ्याच्या घरी बसायला जागा न मिळालेल्या माणसासारखं.

"तो तुकडा माझा आहे," परीक्षक म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच असं ठणकावून बोलले, आणि तेही मराठीत.

"ती शिडीची पायरी आहे," प्राचार्य म्हणाले.

"तुमच्यात ती बसत नाही. माझ्यात बसते."

"बसत नाही कशी? मी ठोकून बसवली आहे!"

परीक्षकांनी पट्टीचं एक टोक धरलं. प्राचार्यांनी दुसरं. दोघेही पन्नाशीचे, पदवीधर. जरा ओढाताण झाली, कट्कन आवाज आला, पट्टी परीक्षकांच्या हातात आली आणि शिडी दोन्ही बाजूंना उलगडून प्राचार्यांच्या खांद्यांवर विसावली. त्यांचं डोकं मधून बाहेर राहिलं. मुलं तरीही हसली नाहीत. ओठ हलला की गुण जातात. पण एकाच्या नाकातून असा काही सूर निघाला, की परीक्षकच आधी खो खो हसले.

पट्टी हळूच भोकात गेली. पाळणा खिळल्यासारखा उभा राहिला.

"आता याची भारक्षमता तपासावी लागेल," परीक्षक डोळे पुसत म्हणाले.

त्याच क्षणी दारातून सासूबाई आल्या. परीक्षा कधी संपते याची त्यांना घाई झाली होती, म्हणून नातीला कडेवर घेऊन, चालत आल्या होत्या. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पाळणा दिसला, एकदा दांडा धरून हलवला, येताना दोरीवरून काढलेली झोळी त्याला अडकवली, आणि पोर झोळीत ठेवली.

"अहो बाई! आधी वजनं टांगून बघायची असतात!"

"मंग कशाला बांदलाय? बगत बसायला?"

 मी जोडलेली खुर्ची मला आठवत होती. पोरीनं पाय झाडले, दांड्याकडे बघितलं आणि झोळी ओली केली. पाळणा कुरकुरलासुद्धा नाही. सासूबाईंनी नरसूला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याची अलाबला घेऊन कडाकडा बोटं मोडली. परीक्षकांनी खाली वाकून, ओली जमीन चुकवून, गुण लिहिले.

नरसू पास झाला. पास झाल्यावरही तो काही बोलला नाही. विद्यालयाच्या मागच्या हौदाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग तसाच ओल्या तोंडानं सरांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

प्राचार्यांच्या मानेवरचा ओरखडा लवकर बुजला. बाकीचं बुजलं नाही. टर्म संपता संपता त्यांनी मला आत बोलावून मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला. शैक्षणिक निकडीस्तव सरांची बदली संस्थेच्या लातूरच्या शाखेत करण्यात येत होती. खाली एक वाक्य होतं, तिथे त्यांच्या गुणांना अधिक वाव मिळेल.

सरांनी कागद वाचून खिशात ठेवला. "परीक्षा थांबवली असती तर बदली टळली असती," मी म्हणालो. सरांनी जरा विचार केला. "हो," ते म्हणाले, "आणि पाळणा?" मग काकूंना हाक मारून त्यांनी अभ्रे मोजायला सांगितले.

बिऱ्हाड हलवायला वेळ लागला नाही. पलंग, टेबल, खुर्च्या, कपाट, सगळं अभ्र्यांत गेलं आणि अभ्रे एका टांग्यात. टांगेवाला दुसऱ्या फेरीसाठी थांबून राहिला होता. दुसरी फेरी नाही म्हटल्यावर तो नाराज झाला. "ह्याला घर म्हन्त्यात?" असं घोड्याला विचारून त्यानं टांगा स्टेशनकडे वळवला.

नरसू श्रीपूरहून आला होता. तिथल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्याला काम लागलं होतं. पायात बूट, खिशात पेन. आम्ही दोघांनी अभ्रे फलाटावर आणले. कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी आणि तिथून लातूरची छोटी. डब्यात अभ्रे चढवायला लागलो तोच तिकीट तपासनीस आला.

"एवढ्या उश्या कुठं चालल्या?" त्यानं एकीवर हात दाबला. "ही उशी नाही. लाकूड आहे. हे असं नेता येणार नाही, ब्रेकमध्ये, मालाच्या डब्यात बुक करा."

गाडी सुटायची वेळ होत आली होती. सर खिडकीत बसले होते, काकू त्यांच्या शेजारी. मी सवयीनं चूक माझीच असल्यासारखं हसू लागलो. आणि तेव्हा माझ्या मागून आवाज आला.

"लाकूड नाही सार! टेबल हाय!"

नरसू बोलत होता.

"घरचं टेबल हाय ते. पर्सनल! हितं बघा, ह्ये चार पाय. ह्ये टोक गोल हाय का? तर मग ह्ये चौकोनी भोकात जाईल का? लेदु! जाणार नाही! जबरी केली तरी जाणार नाही! का जाणार नाही? सांगतो." त्यानं अभ्रा उलटा केला आणि टेबल फलाटावर ओतलं. "हा पाय धरा तुम्ही. धरा! जाड कुठं लागतंय? खाली. मग खाली कुठली बाजू? विचारायला लागतंय का? नो, सार, नो!"

तपासनीस पाय हातात धरून उभा राहिला. हमाल जमले. चहावाला किटली घेऊन आला आणि तसाच थांबला. नरसू मराठी बोलत होता, मध्येच तेलुगू, मध्येच आमच्या परीक्षकांच्या तोंडचं इंग्रजी, "फंक्शन ऑफ धिस मेंबर", तेही न अडखळता. कारखान्यात त्याला काय झालं होतं कोण जाणे. की इतकी वर्षं साठलेलं होतं ते सगळं आज निघालं होतं.

शिट्टी झाली. मी बाकीचे अभ्रे दारातून आत ढकलले. गाडी हलली.

"अहो, टेबल!" काकू ओरडल्या. "टेबल राहिलं फलाटावर! अहो, त्याला सांगा ना!"

"थांब गं," सर म्हणाले. ते खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते आणि काकूंनी मागून त्यांचा सदरा धरून ठेवला होता. "ऐकू दे जरा."

डबा पुढे गेला. नरसूला ते कळलंच नाही. त्याची पाठ गाडीकडे होती आणि तो गुडघ्यावर बसून तिसरा पाय लावत होता. सर खिडकीतून वाकून, कानामागे हात धरून ऐकत होते. चाकांच्या आवाजात त्यांना काय ऐकू जात होतं कुणास ठाऊक. फलाट संपला, सिग्नल गेला, तरी तो हात कानामागेच होता.

"अच्छा," माझ्या शेजारी तपासनीस म्हणत होता, "आणि हा चौथा कुठं बसतो?"